टूर्नामेंट पोकर: सलग हार चालू असताना डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं?

तिसरे_गेट (धागाकर्ता)

हा धागा टूर्नामेंट खेळणाऱ्यांसाठी आहे. रमी, तीन पत्ती किंवा कॅश टेबलवरचं हरणं वेगळ्या जातीचं असतं, त्यावर इथे नको.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून शनिवारी जांबोटी-कणकुंबी-चोर्ला मार्गे पणजीला उतरायचं, टूर्नामेंट खेळायची आणि सोमवारी सकाळी उद्यमबागेत, दुकानात किंवा बँकेत कामावर हजर व्हायचं, असं करणारी मंडळी आता बरीच आहेत. जिंकल्याचा फोटो ग्रुपवर अर्ध्या तासात येतो. हरल्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. मला त्याबद्दलच बोलायचं आहे, कारण टूर्नामेंटमध्ये हरणं हाच नेहमीचा दिवस असतो.

लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा घ्या. 2023 साली तिथे 10,043 प्रवेश होते आणि पैसे मिळाले 1,507 जणांना. म्हणजे साडेआठ हजारांहून जास्त प्रवेश प्रत्येकी 10,000 डॉलरची बाय-इन (प्रवेश फी) भरून रिकाम्या हातांनी संपले. त्यात जगातले उत्तमोत्तम खेळाडू होते. आपल्याकडच्या छोट्या स्पर्धांतही साधारण दहा ते पंधरा टक्के लोकांनाच काहीतरी मिळतं. त्यामुळे सलग कोऱ्या (काहीच न मिळालेल्या) स्पर्धा गेल्या की "माझं काय चुकतंय?" हा प्रश्न येतोच, पण त्याआधी "एवढं हरणं अपेक्षित होतं का?" हे विचारायला हवं.

टिल्ट (हरल्याने डोकं फिरून खेळ बिघडणं) म्हटलं की आपल्याला चिडून ऑल-इन टाकणारा, म्हणजे सगळे चिप एकदम लावणारा माणूस आठवतो. पण मला दुसरा प्रकार जास्त घातक वाटतो, कारण तो बाहेरून शहाणपणासारखा दिसतो. बरेच महिने काही लागलं नाही की माणूस बबल (बक्षिसाच्या जागा सुरू होण्याआधीचा टप्पा) जवळ आल्यावर आक्रसतो. "निदान बाय-इन तरी सुटू दे" म्हणत खेळायच्या हातांनाही (वाट्याला आलेल्या पत्त्यांनाही) फोल्ड करतो, म्हणजे टाकून देतो. ब्लाइंड (आळीपाळीने सक्तीने लावायची रक्कम) चिप खात राहतात. शेवटी कसाबसा पैशांत शिरतो तेव्हा समोर चार-पाच ब्लाइंडपुरतेच चिप उरलेले असतात आणि तो लगेच बाहेर पडतो. मिळतात किती? बाय-इनच्या दीडपट, फार तर दुप्पट. टूर्नामेंटमधली खरी कमाई पहिल्या तीन जागांत असते. शेवटच्या पैशांच्या जागेसाठी खेळणारा माणूस आपल्या हाताने आपली हारमालिका लांबवत असतो, आणि त्याला वाटत असतं की आपण संयम दाखवला.

तुम्ही काय करता, सांगा. जिंकण्याच्या गोष्टी नकोत.

हिरण्यकेशी

दादा, विषय चांगला काढलात. मी गणित शिकवतो, म्हणून आकड्यांचं बोलतो.

एखादा खेळाडू 15 टक्के वेळा पैशांत येतो असं धरू. हे प्रमाण वाईट नाही. त्याच्या सलग 10 स्पर्धा कोऱ्या जाण्याची शक्यता जवळपास 20 टक्के. सलग 20 कोऱ्या जाण्याची शक्यता 4 टक्क्यांच्या आसपास. हा आकडा लहान वाटतो. पण तो माणूस एकूण 500 स्पर्धा खेळला तर त्यात कुठेतरी 20 कोऱ्यांची ओळ लागण्याची शक्यता 90 टक्क्यांच्याही वर जाते. म्हणजे ती ओळ येणारच आहे, फक्त कधी येईल ते सांगता येत नाही.

आता पत्त्यांचं बघा. फ्लॉपच्या (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांच्या) आधीच सगळे चिप आत गेले, तुमच्याकडे एक्क्यांची जोडी आणि समोर बादशहांची. यापेक्षा चांगली परिस्थिती मागता येत नाही. तरी शंभरातल्या अठराएक वेळा तुम्ही हरता. आणि टूर्नामेंट जिंकायची तर एक ऑल-इन पुरत नाही. दर वेळी तुम्ही 80 टक्क्यांनी पुढे आहात असं धरलं, तरी असे पाच ऑल-इन ओळीने जिंकण्याची शक्यता 33 टक्केच भरते.

हे गणित करून ठेवलं की दुःख जात नाही. पण "माझ्याच बाबतीत असं का?" हा प्रश्न बराच बोथट होतो.

चिकोडीकर

सर, म्हणजे 20 कोऱ्या झाल्या की एकविसावी लागायची शक्यता वाढते म्हणायची का? माझ्या सध्या लई कोऱ्या गेल्यात, म्हणून विचारतोय.

हिरण्यकेशी

नाही. एकविसाव्या स्पर्धेतही ती 15 टक्केच राहते. 18 ऑगस्ट 1913 ला मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर सलग 26 वेळा काळा रंग आला होता. पंधरा-सोळा वेळा काळा आल्यावर लोक लालवर पैसे वाढवत गेले, आता लाल यायलाच हवा म्हणून, आणि त्यांचे लाखो फ्रँक गेले. पत्त्यांच्या कॅटला मागचा शनिवार ठाऊक नसतो. तुमची पाळी आली आहे असं वाटून मोठी बाय-इन घेऊ नका, एवढं माझं ऐका.

मलप्रभा

मी पोकर खेळत नाही. खानापूर भागातली आहे. माझा धाकटा भाऊ खेळतो, म्हणून हे वाचायला बसले.

तुमची टक्केवारी बरोबर असेल. माझा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही घरी काय सांगता? माझा भाऊ कंपनीच्या कामाला गोव्याला जातो म्हणून सांगायचा. रविवारी रात्री आला की जेवायचा नाही, कुणी बोललं की अंगावर यायचा. आईला वाटायचं याला काहीतरी आजार झालाय, वहिनीला वाटायचं दुसरीकडे काही चालू आहे. भिशीचे पैसे भरायचे राहिले तेव्हा सगळं उघडं पडलं. रक्कम तशी फार मोठी नव्हती. पण दोन वर्षं घरातल्या प्रत्येकानं मनात काय काय धरलं होतं, ते भरून येत नाही. तुम्ही वीस स्पर्धा हरला हे तुम्हाला माहीत असतं. घरच्यांना फक्त तुमचं तोंड दिसतं.

तिसरे_गेट (धागाकर्ता)

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. धाग्याचा खरा विषय हाच असायला हवा होता असं आता वाटतंय.

आमच्या घरी असं आहे. पोकरचं खातं वेगळं. त्यात महिन्याला ठरलेली रक्कम जाते, ती बायकोला माहीत आहे, आणि पासबुक तिच्या कपाटात असतं. खात्यात नसेल तर गोव्याला जायचं नाही. मित्राकडून उसने नाहीत, क्रेडिट कार्ड नाही. हारमालिका चालू असते तेव्हा ती विचारते, "या महिन्यात किती गेले?" मी आकडा सांगतो, ती मान हलवते आणि आम्ही जेवायला बसतो. हरण्याचा त्रास त्या आकड्यापुरता उरतो. लपवलेला आकडा मात्र आठवडाभर डोक्यात वाढत जातो. माझं स्पष्ट मत आहे की हारमालिकेत मन बिघडतं त्यातला मोठा वाटा लपवण्याचा असतो. पत्त्यांचा त्यामानाने कमी.

टूर्नामेंटवाल्यांना 100 बाय-इन बाजूला ठेवायला सांगतात. 10,000 ची स्पर्धा खेळायची तर त्या हिशोबानं दहा लाख झाले. आपल्यातले किती जण एवढे बाजूला टाकू शकतात? मग दोनच प्रामाणिक रस्ते उरतात. एक तर बाय-इन लहान करायची. नाहीतर हे आपलं उत्पन्न नाही, ट्रेकिंगला किंवा नाटकाला जावं तसा आपल्या शौकाचा खर्च आहे, असं स्वतःला आणि घरच्यांना सांगायचं. खर्च म्हणून ठरवलेले पैसे गेले तर माणूस इतका हलत नाही.

काळी_नदी

मी कारवारचा. ऑनलाइन बरीच वर्षं खेळलो. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला आणि पैशांची ऑनलाइन टेबलं बंद पडली. कायदा बरा की वाईट हा वाद इथे नको. त्यामुळे हारमालिकेचा अर्थच बदललाय, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

ऑनलाइनला एका रविवारी दहा-पंधरा स्पर्धा एकदम चालायच्या. 20 कोऱ्या म्हणजे दोन-तीन दिवसांचा मामला. वाईट वाटायच्या आतच पुढचं काहीतरी लागायचं. आता महिन्याला गोव्यात दोन स्पर्धा खेळणाऱ्याला त्याच 20 कोऱ्या दहा महिने पुरतात. गणित तेच आहे, पण दहा महिने तुम्ही "हरणारा माणूस" म्हणून जगता. त्यात दोन पावसाळी घाट, पेट्रोल, हॉटेल. ऑनलाइनवरून आलेल्या पोरांना हे झेपत नाही. त्यांना वाटतं खेळ विसरलो. खेळ विसरलेले नसतात, नमुनाच लहान असतो. वर्षाला चोवीस स्पर्धांवरून तुम्ही चांगले की वाईट हे कळतच नाही. जिंकलात तरी कळत नाही, हे पण लक्षात ठेवा.

आनंदवाडी_माती

मी तालमीतला माणूस. पोकर मला मित्रामुळे माहीत.

कुस्तीत पण पडायचे दिवस येतात. जत्रेच्या हंगामात ओळीनं चार मैदानं हरलेला पैलवान मी जवळून बघितलाय. पण त्याला वस्ताद दुसऱ्या दिवशी सकाळी मातीत उभा करून दाखवतो की, इथं पाय मागं राहिला, इथं पट काढायला उशीर झाला. हरण्याचं कारण अंगावर दिसतं. तुमच्या खेळात बरोबर खेळून पण माणूस हरतो आणि चुकीचा खेळून जिंकतो. मग शिकायचं कशावरून? मला वाटतं तुमच्या डोक्याला त्रास होतो तो यामुळं. तुम्हाला वस्ताद पाहिजे की.

तिसरे_गेट (धागाकर्ता)

पैलवान, अगदी वर्मावर बोट ठेवलंत.

आम्ही तिघे मिळून एक करतो, कुणाला उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो. ब्रेकमध्ये किंवा बाहेर पडल्यावर महत्त्वाचे हात वहीत उतरवायचे. कुठल्या जागेवर होतो, ब्लाइंड किती, माझे चिप किती, समोरच्याचे किती, तो आधी कसा खेळत होता, बबल किती लांब होता. आणि निर्णयाच्या जागी थांबायचं. पुढे टर्न-रिव्हरला (टेबलावर उघडणाऱ्या शेवटच्या दोन पत्त्यांना) काय आलं ते लिहायचंच नाही. मग तो हात दुसऱ्याला द्यायचा आणि विचारायचं, तू काय केलं असतंस? त्याला निकाल माहीत नसल्यामुळे तो सांत्वनही करत नाही आणि दोषही देत नाही. फक्त निर्णय बघतो.

याचा फायदा असा झाला की "लई वाईट नशीब" म्हणून सांगितलेल्या काही हातांत खरं दुखणं दोन पायऱ्या आधी निघालं. रिव्हरला हरलो हे खरं, पण पंधरा ब्लाइंड असताना सुरुवातीलाच तो हात टाकून द्यायला हवा होता. आणि काही हात असे निघाले की तिघांचंही उत्तर तेच, तरीही हार. अशा हाताखाली आम्ही "बरोबर" लिहितो आणि पान उलटतो. हारमालिकेत ते "बरोबर" वाचायला मिळणं फार मोठी गोष्ट असते. वहीत उलटं दिसलं, म्हणजे चुका वाढत चालल्या, तर तेही मान्य करावं लागतं. सगळी हारमालिका नशिबाची नसते. खेळ मागे पडलेला असू शकतो.

येळ्ळूर_गड

थोडं व्यवहाराचं.

रात्री दोनला बाहेर पडलात तर तडक घाट चढू नका. चोर्ल्याला पावसाळ्यात धुकं असतं, वळणं अरुंद, आणि डोक्यात तो एकच हात फिरत असतो. आमच्या गाडीत नियम आहे, रात्री बाहेर पडलेल्यानं झोपायचं, सकाळी चहा घेऊन निघायचं. खोलीचे पैसे बाय-इनमध्येच धरायचे.

रीएन्ट्री (बाहेर पडल्यावर पुन्हा बाय-इन भरून आत येणं) किती घ्यायच्या हे बेळगाव सोडायच्या आधी ठरवायचं. बाहेर पडल्याच्या पुढच्या दहा मिनिटांत माणूस जे ठरवतो त्यातलं बहुतेक चुकीचं असतं. आणि टूर्नामेंटमधून उठून शेजारच्या रुलेटच्या टेबलवर "तेवढे काढून घेतो" म्हणून बसणारे मी बघितलेत. ते पोकर नाही. तिथे कॅसिनोचा वाटा ठरलेला असतो.

हिरण्यकेशी

एक राहिलं. कर. पत्त्यांच्या खेळातल्या कमाईवर आपल्याकडे सपाट 30 टक्के कर लागतो, आणि इतर शनिवारी हरलेल्या बाय-इन त्यातून वजा होत नाहीत. त्यामुळे "एक मोठं लागलं की वर्षाचं सगळं भरून निघेल" हा हिशोब करताना जिंकलेली रक्कम आधी सत्तर टक्के करून बघा. पुष्कळांचं वर्ष तिथेच तोट्यात जातं, आणि ते तोट्याला हारमालिका म्हणत राहतात.

धारवाडची_वाट

मी समुपदेशनाचं काम करते. चर्चा समंजस चालली आहे, म्हणून एक सीमारेषा मांडते.

वर लिहिलेले उपाय ज्याचा खेळ त्याच्या ताब्यात आहे त्याच्यासाठी आहेत. जुगाराचं व्यसन हा आजार मानला जातो. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं 2013 साली त्याला दारू आणि अमली पदार्थांच्याच वर्गात टाकलं. आणि पोकर कौशल्याचा खेळ आहे म्हणून तो आजार पोकरवाल्याला होत नाही, असं नाही.

ओळखायचं कसं? गेलेले पैसे परत मिळवायला लगेच पुन्हा जावंसं वाटणं. पूर्वीच्या रकमेत मजा न येणं आणि बाय-इन वाढवत नेणं. थांबायचं ठरवून न थांबता येणं, थांबलं की चिडचिड, बेचैनी. मन उदास असलं की खेळायला बसणं. खोटं बोलणं, आणि मग पैशांसाठी दुसऱ्यावर भार टाकणं. मलप्रभाताईंनी भावाबद्दल लिहिलं त्यात यातल्या दोन गोष्टी दिसतात. तेवढ्यावरून मी निदान करणार नाही, पण त्यांनी कुणाला तरी भेटावं असं मनापासून वाटतं.

धारवाडला डिम्हान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. लगेच जाणं जमत नसेल तर टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) 14416 हा क्रमांक आहे, फुकट आहे, आणि दिवसरात्र चालू असतो. हारमालिकेत "मी नसलेलाच बरा" असे विचार येऊ लागले तर वही, गणित, बँकरोल (पोकरसाठी राखलेले पैसे) सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी फोन करा. घरच्या एकाला तरी सांगा.

चिकोडीकर

ताई, तुमची यादी दोनदा वाचली. बाय-इन वाढवत नेणं आणि लगेच परत जावंसं वाटणं, हे दोन माझ्यात आहेत. मागं मी "एकविसावी लागेल का" विचारलं होतं ते त्यातूनच. पुढच्या शनिवारचं बुकिंग केलंय.

धारवाडची_वाट

दादा, बुकिंग रद्द करा. पैसे गेले तर जाऊ देत. आणि 14416 ला आजच बोला. कन्नड, मराठी जी भाषा सोयीची वाटेल ती मागा. फोन करताना शेजारी कुणी बसलेलं चालेल का? असेल तर बरं.

आनंदवाडी_माती

चिकोडीकर, मी रविवारी संकेश्वरला येणार हाय. भेटू या की. पत्त्यांचं काही बोलायचं नाही म्हटलंस तरी चालेल.

मलप्रभा

चिकोडीकर भाऊ, तुम्ही लिहिलंत याचं मला फार बरं वाटलं. घरी कुणाला माहीत आहे का?

चिकोडीकर

नाही ताई. बायकोला आज रात्री सांगतो. बुकिंग रद्द केलं. पैलवान, रविवारी चारनंतर दुकान बंद असतं, तेव्हा या.

तिसरे_गेट (धागाकर्ता)

चिकोडीकर, किती गेले ते घरी सांगताना गोल आकडा सांगू नका, कागदावर मांडून खरा आकडा सांगा. घरचे रकमेपेक्षा "अजून काही लपवलंय का" यालाच जास्त घाबरतात. कागद मांडायला मदत हवी असेल तर मला निरोप करा, मी आणि हिरण्यकेशी सर दोघेही बसू.

बाकीच्यांसाठी: महिन्यातल्या एका रविवारी सकाळी टिळकवाडीत आम्ही हातांच्या वह्या घेऊन बसतो. पैसे नाहीत, चिप नाहीत, पत्तेही नाहीत. घरच्यांना घेऊन आलात तरी चालेल, आमच्याकडे दोघांच्या बायका येतात आणि त्यांचे प्रश्न आमच्यापेक्षा सरळ असतात. जागा आणि वेळ निरोपातून कळवेन.